चार बोटं डिझेल

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री राहत होता. अशा गोष्टींतल्या माणसांना नावं नसतात, हे मला ठाऊक आहे. वृद्ध तो वृद्ध, शिष्य तो शिष्य, आणि ऐकणाऱ्यानं मान डोलवायची. पण बिननावाच्या माणसाचं शहाणपण आपल्याला शेजाऱ्यासाठी सांगितल्यासारखं वाटतं आणि घरी पोचेपर्यंत आपण ते विसरतो. म्हणून मी नावं सांगणार आहे. मिस्त्रीचं नाव बाबालाल. सारा तालुका त्यांना चाचा म्हणत असे. शिष्याचं नाव बिरू.

चाचांनी पन्नास वर्षं इंजिनं उघडली आणि मिटली. त्यांची एक खोड होती. कुणी येऊन विचारलं, “चाचा, गाडी घ्यायचीय, ॲव्हरेज चांगलं देणारी कोणती?” तर ते हातातला पाना खाली ठेवून उलट विचारत, “बसणार कोण?” आपण विचारलं काय आणि म्हातारा बोलतोय काय, असं मनाशी म्हणत लोक पुढच्या गॅरेजकडे वळत. बिरू सात वर्षं त्यांच्या हाताखाली होता, पण त्यालाही या प्रश्नाचा अर्थ कधी लागला नव्हता. सात वर्षांनंतर विचारायची आता लाज वाटे. आपलंही असंच होतं; पहिल्या आठवड्यात विचारायचं राहिलं, की जन्मभर राहतं.

बिरू घाटावरच्या धनगरवाड्यांतला. नऊ किलोमीटरचा उभा घाट चढला की पठार लागतं आणि त्यावर पाच वाड्या. आई लवकर गेली. थोरल्या भावाची बायको ठकूवहिनी, तिनं या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तो तिला वहिनी म्हणे, पण ताप आला की आई गं म्हणत तिच्याच मांडीवर डोकं ठेवी. त्या ठकूवहिनीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी घाट उतरून पायथ्याच्या गावात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं, तरच पुढचे तीन-चार दिवस हाती लागायचे. त्याला डायलिसिस म्हणतात. आता वाड्यांतली शेंबडी पोरंही हा शब्द बिनचूक उच्चारतात, आणि यात आनंद मानावा असं काही नाही.

पठारावर असे चार रुग्ण होते. त्यांच्यासाठी वाड्यांनी मिळून पूर्वी एक गाडी घेतली होती. चांगली ऐसपैस, भरभक्कम. पण पहिलवानानं दूध प्यावं तसं ती डिझेल पिई. तिसऱ्या महिन्यात तिला पाजणं कुणालाच झेपेना. ती शाळेच्या कुंपणाशी उभी राहिली ती राहिलीच. पावसाळ्यात तिच्या पायरीवर गवत उगवलं. मग ते चौघं दुधाच्या टेंपोतून, कॅनच्या मधल्या सापटीत बसून जाऊ लागले. श्रावणात टेंपोवाला मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत गुंतला, आठ दिवस आला नाही. त्याची तरी काय चूक? महादूअण्णांच्या दोन पाळ्या चुकल्या आणि अण्णा गेले. मी हे रंगवून सांगत नाही. एवढंच घडलं आणि एवढ्यानं माणूस गेला.

अण्णांच्या दहाव्याला नदीवरून परतताना वाड्यांनी ठरवलं, पुन्हा गाडी घ्यायची. पण या वेळी अशी, की जी आपल्याला पोसवेल. ही गाडीही कुंपणाला लागली, तर तिसऱ्यांदा कुणी हात वर करणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. निवड बिरूवर सोपवली. तो मिस्त्रीचा चेला, आणि चालवणारही तोच. उरलेल्या तिघांचा जीव आता त्याच्या निवडीवर होता, आणि त्या तिघांत वहिनी होती.

बिरू महिनाभर हिंडला. दुकानांतले टायवाले तरुण चकचकीत कागद दाखवून आकडे सांगत. जुन्या गाड्यांचे दलाल आईच्या गळ्याची शपथ घेऊन आकडे सांगत. लिटरला अठरा, लिटरला बावीस! बिरू ते सगळे चाचांपुढे म्हणून दाखवी.

चाचा म्हणाले, “अरे, आकडा खोटाच असतो असं नाही. पण तो सपाट रस्त्याचा असतो, रिकाम्या गाडीचा असतो. तुझा रस्ता उभा आहे आणि तुझी गाडी भरलेली असणार. तर तू तुझ्या रस्त्याला विचार.”

अखेर दोन गाड्या उरल्या, दोन्ही वापरलेल्या. एक निळी. अरुंद, अंगानं हलकी, बसायला बाकासारखी कडक. दुसरी पांढरी. रुंद, आणि मागं माणूस पाय पसरून आडवा होईल अशी मऊ बैठक. बिरूचा जीव पांढरीवर जडला. त्याला मिरवायचं नव्हतं हो. यंत्रावरून उठल्यावर वहिनीला मान धरवत नसे. टेंपोत ती दुधाच्या कॅनवर डोकं टेकून यायची आणि प्रत्येक वळणावर तिचं कपाळ पत्र्यावर आपटायचं. त्या मऊ बैठकीवर त्याला ती निजलेली दिसू लागली होती.

चाचांच्या शब्दावर दोन्ही मालकांनी दोन दिवस गाड्या दिल्या. जुने मिस्त्री ॲव्हरेज काढतात तसं चाचांनी करायचं ठरवलं. टाकी बंद करायची, इंजिनाच्या नळ्या दोन लिटरच्या पारदर्शक डब्याला जोडायच्या, डबा ड्रायव्हरशेजारी बांधायचा. सहा माणसांच्या वजनाची वाळूची पोती गाडीत टाकायची. वरून निघायचं, घाट उतरून गॅरेजपाशी यायचं, वळायचं आणि परत वर जायचं. डब्यात किती बोटं डिझेल उरलं, ते वर वाड्यांनी सर्वांसमक्ष मोजायचं. चाचा खाली गॅरेजवर थांबणार होते.

आता त्या घाटातला एक रिवाज सांगितला पाहिजे. माथ्यावर घाटजाईचं ठाणं आहे. तिथं पोचलं की ड्रायव्हर गाडी हळू करतो, देवीसाठी हात कपाळाला लावतो आणि तोच हात खाली आणून चावी फिरवतो. इंजिन बंद, गिअर मोकळा! पुढं नऊ किलोमीटर गाडी आपल्या वजनानं घरंगळत उतरते. याला तिकडं फुकटचा उतार म्हणतात. इंजिन बंद झालं की काही दाबांतच ब्रेक दगडासारखा कडक होतो, सगळा भार चाकांवर येतो, ती तापतात, आणि एखाद्या वळणावर ब्रेक लागतच नाही. हे माहीत नाही असा एकही ड्रायव्हर त्या घाटात नाही. तरी सगळे करतात. देवीला हात जोडायचे आणि लगेच गाडी तिच्याच अंगावर सोडायची, असला हा भक्तिभाव! चाचांनी सात वर्षांत बिरूला मनाई केली होती ती याच एका गोष्टीची.

सोमवारी सकाळी बिरूनं निळी काढली. घाटजाईला हात जोडून गाडी दुसऱ्या गिअरात घातली आणि शिकवल्याप्रमाणे इंजिनाच्या जोरावर संथ उतरवली. गॅरेजपाशी चाचा हातात तांब्या घेऊन उभे होते. ते पुढच्या चाकापाशी बसले. तांब्यात बोटं बुडवून चाकाच्या आत, ब्रेकच्या लोखंडावर त्यांनी चार थेंब शिंपडले. थेंब ओघळून गेले. चाचा म्हणाले, “जा वर.” वर डब्यात साडेतीन बोटं उरली. वाड्यांना बरं वाटलं.

दुपारी पांढरी काढली. बिरूनं आधीच ती पठारावर थोडी फिरवून पाहिली होती, आणि ती जड अंगाची गाडी चढाला जास्त पिणार, हे त्याच्या मिस्त्रीच्या कानाला कळून चुकलं होतं. घाटजाईपाशी त्यानं हात कपाळाला लावला. मागं वळून पाहिलं तर वाळूची पोती. त्याचा हात खाली आला आणि त्यानं चावी फिरवली.

खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं नाही.

गॅरेजजवळच्या सपाटीवर त्यानं इंजिन पुन्हा सुरू केलं आणि साळसूदपणे येऊन थांबला. चाचा तसेच तांब्या घेऊन आले. चार थेंब शिंपडले. या वेळी चर्र झालं आणि वाफेचा एक बारीकसा धागा वर आला. चाचांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, “जा वर.” बिरूला वाटलं, म्हातारा गाड्यांना आशीर्वाद देतोय.

वर डब्यात चार बोटं निघाली. बिरूनं सांगितलं, “चाचांनी चाकाला पाणी दिलं.” निळीच्याही चाकाला दिलं होतं, हे त्यानं सांगितलं नाही. मग काय विचारता! चाचांनी पाणी दिलं म्हणजे पूजाच झाली, असं म्हणून बायांनी हळदकुंकू आणलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि वाड्यांचे कारभारी तात्या यांनी पांढऱ्या गाडीपुढं नारळ फोडला. ठकूवहिनी उंबऱ्यात बसून हसत होती. बिरूनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मग दुसरीकडं पाहिलं.

दिवस मावळताना चाचांचा फोन आला. “किती?”

“चार बोटं, चाचा.”

“बरं. उद्या मंगळवार. पोती काढ आणि त्या जागी तुझे तिघं रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसं बसव. पांढरीच आण. डबा आजच्यासारखा काठोकाठ भर.”

“आता पुन्हा कशाला, चाचा? नारळ फुटलाय.”

“फुटलाय तर खोबरं खा,” चाचा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मंगळवारी तिघं रुग्ण बसले. ठकूवहिनी मधल्या बैठकीवर, बिरूच्या बरोबर मागं. ती हातानं गादी दाबून म्हणाली, “मऊ हाय रं बिरू. झोपच यायची.” घाटजाई आली. त्यानं हात कपाळाला लावला. हात सवयीनं, आदल्या दिवशीच्या गोडीनं, चावीकडं गेला. तेवढ्यात वरच्या आरशात त्याला वहिनी दिसली. तिनं दोन्ही हात जोडले होते. हाताला यंत्राच्या सुया टोचतात तिथं पट्टी होती, आणि पट्टीखालची शीर दोरीसारखी फुगलेली होती. बिरूचा हात चावीपाशी थांबला, मग माघारी आला आणि गिअरच्या दांड्यावर बसला. घाट उतरेपर्यंत इंजिन गुरगुरत राहिलं.

खाली चाचांनी चार थेंब शिंपडले. ते ओघळून गेले.

दुपारी तिघांचं यंत्रावरचं काम आटोपलं, तेव्हा सोबतच्या एका माणसाला मागून टेंपोनं यायला सांगून चाचा स्वतः त्याच्या जागी गाडीत येऊन बसले. गुडघे धरलेला तो म्हातारा कित्येक वर्षांत पठारावर गेला नव्हता. वर माणसं वाट पाहत उभी होती. डबा सोडला, बोटं लावली. तीन.

“तीन?” तात्या म्हणाले. “काल चार अन् आज तीन? अरे, गाडीवाल्यानं काहीतरी करून दिलंय! फसवलं आपल्याला!” एक-दोघं तर त्या बिचाऱ्या मालकाकडं जायला पायताण चढवू लागले.

“थांबा,” चाचा म्हणाले. “मालकानं काही केलेलं नाही. गाडी कालचीच आहे, रस्ता कालचाच, वजनही तेवढंच. काय बदललं ते बिरूला ठाऊक आहे. तो सांगेल. नाही सांगितलं तर मी काही सांगणार नाही. पांढरी घ्या आणि सुखानं चालवा.”

चाचांनी त्याला पळवाट पुरती मोकळी ठेवली होती, आणि तेच फार अवघड होतं. शेवटी तो वहिनीच्या पायाशी बसला आणि खाली मान घालून म्हणाला, “काल मी चावी बंद केली. घाटजाईपासून खालपर्यंत. निळीला नाही केली. हिलाच केली.”

चाचा सावकाश बोलू लागले.

“पोरा, ब्रेकनं मला कालच सांगितलं होतं. तू जे एक बोट डिझेल वाचवलंस, ते त्या लोखंडात जळत होतं. डिझेल वाचवायचे खरे मार्ग मी तुला शिकवलेत. गाडी गरजेपुरती असावी, अंगानं हलकी असावी, टायरात हवा बरोबर असावी, पाय हलका असावा. ते सगळं तू वहिनीला समोर बसवून करू शकतोस. जी बचत पोत्यांसमोर जमते आणि माणसासमोर जमत नाही, ती बचत म्हणू नये. तिची किंमत मागं बसलेला भरतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. म्हणून मी आलेल्या प्रत्येकाला विचारतो, की बसणार कोण? आणि एक ऐक. तू पैशासाठी लबाडी केली नाहीस, मायेपोटी केलीस. म्हणून तुला ती लबाडी वाटलीच नाही. माया तराजूत बसली की काटा तिच्याकडंच झुकतो. आपण आपला हात बघत राहावं, बाकी काही उपाय नाही.”

हिशेब आता उघड होता. खऱ्या चालीनं निळीची साडेतीन, पांढरीची तीन. निळी घ्यायची, यावर कुणाचं दुमत उरलं नाही. पण तात्या कठोर माणूस. ते म्हणाले, “गाडी निळी घेऊ. ड्रायव्हर मात्र दुसरा बघू. ज्यानं नारळ खोटा केला, त्याच्या हातात आपली माणसं द्यायची न्हाईत.”

बिरूनं खिशातून चावी काढली आणि जमिनीवर ठेवली. त्याला ते मान्य होतं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

तेव्हा ठकूवहिनी बोलली. यंत्रावरून आल्यावर तिचा आवाज फार क्षीण होई. सगळ्यांना पुढं वाकून ऐकावं लागलं.

“तात्या, काल नारळ फुटताना ह्यानं माझ्यापासनं नजर चोरली, तवाच मला उमगलं व्हतं. आज सकाळी बी त्याचा हात चावीकडं गेला व्हता. आरशातनं तो मला बघत व्हता, तशी मी बी त्याला बघत व्हते. हात गेला, अन् माघारी आला. मी हात जोडून बसले व्हते, ती देवीला म्हणत व्हते, की ह्याचा हात वळू दे. या घाटात ज्याचा हात कधी गेलाच न्हाई, असा डायवर असला तर आणा. नसला, तर माघारी आलेला हा बरा.”

बिरूनं मान वर केली. तिला सगळं माहीत होतं. माहीत असून ती मऊ गादीचं कौतुक करत बसली होती, आणि खाली उतरेपर्यंत तिनं हूं की चूं केलं नव्हतं. तात्यांनी उपरणं झटकलं, खाकरले, जमिनीवरची चावी उचलली आणि बिरूच्या हातात ठेवली. म्हणाले, “कान धरून सांगतो, पुन्यांदा न्हाई.” चाचा तोंड फिरवून दरीकडं बघत होते. म्हाताऱ्याचे डोळे पाणावले होते, हे मी आपलं सांगून टाकतो.

निळी गाडी आली, तिला आता तीन वर्षं होतील. बैठक कडक आहे म्हणून वाड्यांतल्या बायांनी जुन्या लुगड्यांची जाड गोधडी शिवून तिच्यावर अंथरली. गाडी मंगळवार-शुक्रवार चुकत नाही. तुम्हीही गाडी घ्यायला निघाला असाल, तर आकडा जरूर विचारा, मात्र त्याआधी मागच्या बैठकीकडं एकदा नजर टाका.

घाटजाईपाशी बिरू आजही हात कपाळाला लावतो. मग दुसरा गिअर पडतो आणि इंजिन गुरगुरू लागतं. तो आवाज नीट ऐकू येईपर्यंत ठकूवहिनी डोळे उघडे ठेवते. ऐकू आला, की गोधडीवर पाय मुडपून आडवी होते आणि खाली पोचेपर्यंत निजते.